मुलांबरोबर ‘अँटिगनी’ वाचताना : पहिल्यांदाच ग्रीक नाटक हातात घेणाऱ्यांसाठी

सातवी ते नववीच्या मुलांबरोबर ग्रीक पुराणकथेवरचं नाटक वाचायचं मनात असेल, तर सोफोक्लीसच्या ‘अँटिगनी’पासून सुरुवात करा. इ. स. पूर्व ४४१च्या सुमारास अथेन्समध्ये सादर झालेलं हे नाटक मूळ ग्रीकमध्ये साडेतेराशे ओळींच्या आसपास आहे. बोलणारी पात्रं आठ आणि एक वृंद, म्हणजे एकत्र गाणारा-बोलणारा गट. गोष्ट एका वाक्यात सांगता येते: राजाने मनाई केलेली असताना एक मुलगी आपल्या मेलेल्या भावाला मूठमाती देते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला हा पेच समजावून सांगावा लागत नाही. ‘घरच्यांचं ऐकायचं की नियम पाळायचा’ हे त्याच्या रोजच्या आयुष्यातलंच भांडण असतं.

पुण्यातल्या मुलांना नाटक नवं नसतं. सुट्टीतली बालनाट्य शिबिरं, शाळेचं स्नेहसंमेलन, गणेशोत्सवातले जिवंत देखावे, पुरुषोत्तम करंडकाच्या दिवसांत भरत नाट्य मंदिरात ‘अरे आवाज कुणाचा’ म्हणत घसा बसवणारे दादा-ताई, हे सगळं ती पाहत असतात. पण यात मुलं नाटक करतात किंवा बघतात, वाचत मात्र नाहीत. आपल्या वाट्याची बारा वाक्यं पाठ असलेल्या मुलाला समोरचा काय म्हणतो ते बऱ्याचदा धड माहीत नसतं. समोरच्याचं वाक्य संपलं की आपलं म्हणायचं, एवढीच त्याची खूणगाठ. नाटक वाचायला शिकणं म्हणजे समोरच्याचं वाक्य ऐकायला शिकणं. ‘अँटिगनी’त याला पर्यायच नाही, कारण त्यातली दोन्ही मुख्य माणसं ठाम आहेत आणि दोघांकडेही सांगण्यासारखं आहे.

संहिता कुठून आणायची

मराठी अनुवाद मिळवायचा असेल तर शहरातली जुनी ग्रंथालयं धुंडाळा. मात्र हातात आलेलं पुस्तक सोफोक्लीसचंच आहे ना, ते आधी तपासा. झाँ अनुई या फ्रेंच नाटककाराने याच नावाचं नाटक लिहिलं. ते १९४४ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये रंगमंचावर आलं. ते उत्तम आहे, पण वेगळं आहे. ओळखायची सोपी खूण अशी: पात्रांच्या यादीत दाई असेल आणि आंधळा द्रष्टा टायरेसियस नसेल, तर ते अनुईचं. मुलांसाठी आधी सोफोक्लीस घ्या.

अनुवाद मिळाला नाही, तर रिचर्ड जेब यांचा जुना इंग्रजी गद्य अनुवाद इंटरनेटवर मोफत आहे आणि प्रताधिकारमुक्तही आहे. तो समोर ठेवून निवडक प्रवेश स्वतः साध्या मराठीत लिहून काढा. यात दोन-तीन रविवार जातात, पण शिक्षकाला नाटक खरं कळतं ते याच कामात. ‘हे प्रिय भगिनी’ छापाची मराठी लिहू नका. बहीण बहिणीशी जशी बोलेल तशी लिहा. पहारेकऱ्याची भाषा आणखी मोकळी चालेल, वृंदाची थोडी लयदार असू द्या.

पहिल्याच वेळी सगळं नाटक वाचायचा हट्ट धरू नका. दोन बहिणींचा सुरुवातीचा प्रवेश, राजा क्रेऑनचं पहिलं भाषण, पहारेकऱ्याच्या दोन्ही फेऱ्या, अँटिगनी आणि क्रेऑनची समोरासमोर गाठ, क्रेऑनचा मुलगा हेमॉन आणि त्याचे वडील, टायरेसियस, शेवटचा दूत आणि वृंदाचं एक गाणं एवढं पुरे. मधले दुवे तुम्ही तोंडी सांगा. शिक्षा म्हणून गुहेत कोंडायला नेत असताना अँटिगनी म्हणते की नवरा किंवा मूल गेलं असतं तर मी हे केलं नसतं, भाऊ मात्र पुन्हा मिळणार नाही. तो भाग नवख्या वर्गात वगळलेला बरा. अभ्यासकही त्यावर अजून भांडतात.

झेरॉक्स काढताना अक्षर मोठं ठेवा आणि उजवीकडे भरपूर समास सोडा. मुलांना तिथं लिहायचं आहे.

आधी गोष्ट, आणि तीही शेवटापर्यंत

शेवट आधी सांगितला तर मजा जाईल, अशी भीती नव्या शिक्षकाला वाटते. ती सोडून द्या. अथेन्सचे प्रेक्षक थीब्जच्या राजघराण्याची कथा लहानपणापासून ऐकतच नाटकाला येऊन बसत. आपल्यालाही हे काही परकं नाही. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण वर्षभर लागत होतं. सीतेचं पुढं काय होणार हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं, तरी पुढच्या आठवड्यात लोक पुन्हा रेडिओपाशी हजर. पुराणकथेवरच्या नाटकात ‘काय होणार’ हा प्रश्न नसतोच. ‘कसं होणार, आणि कुठं थांबता आलं असतं’ हा असतो. मुलांना शेवट माहीत असेल, तरच ती या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतात.

पहिल्या बैठकीत कागद वाटू नका. फक्त गोष्ट सांगा. थीब्जचा राजा लेयस आणि राणी जोकास्टा. मुलगा बापाला मारेल असं भाकीत होतं, म्हणून तान्हं बाळ डोंगरावर टाकायला दिलं. ते वाचलं, दुसऱ्या राज्यात वाढलं. त्याचं नाव इडिपस. मोठा झाल्यावर वाटेतल्या भांडणात त्याने एका माणसाला ठार केलं, थीब्जला येऊन स्फिंक्सचं कोडं सोडवलं, तिथं राजा झाला आणि राणीशी लग्न केलं. मेलेला माणूस त्याचा बाप होता आणि राणी त्याची आई. दोघांनाही हे माहीत नव्हतं. कळलं तेव्हा जोकास्टाने जीव दिला आणि इडिपसने स्वतःचे डोळे फोडून घेतले. त्यांची चार मुलं: एटिओक्लीस, पॉलिनायसीस, अँटिगनी, इस्मिनी. भावांनी गादी आळीपाळीने वापरायचं ठरवलं. एटिओक्लीस उठेना, म्हणून पॉलिनायसीस आर्गोसचं सैन्य घेऊन स्वतःच्याच गावावर चालून आला. थीब्जच्या सात वेशींवर लढाई झाली आणि दोन्ही भाऊ एकमेकांच्या हातून मेले. आता राजा क्रेऑन, म्हणजे जोकास्टाचा भाऊ. तो हुकूम काढतो: गावासाठी लढलेल्या एटिओक्लीसचे सगळे संस्कार करा, पॉलिनायसीसचं प्रेत मात्र उघड्यावर कुत्र्या-गिधाडांसाठी पडू द्या.

आई आणि मुलाच्या लग्नाचा भाग शिक्षक हमखास गाळतात. गाळू नका. आवाज न बदलता एका वाक्यात सांगा आणि पुढे चला. तुम्ही अडखळलात तरच मुलं अडखळतात.

मग फळ्यावर वंशावळ काढायला सांगा. इथं मराठी मुलांना मोठी सोय आहे, कारण आपल्याकडे प्रत्येक नात्याला वेगळा शब्द आहे. क्रेऑन हा अँटिगनीचा मामा. हेमॉन हा मामाचा मुलगा, म्हणजे मामेभाऊ, आणि तिचं लग्न त्याच्याशीच ठरलेलं आहे. ‘राजाने मुलीला शिक्षा दिली’ हे ऐकून वर्ग शांत असतो. ‘मामाने भाचीला, होणाऱ्या सुनेला शिक्षा दिली’ म्हटलं की लगेच आवाज होतो. मग कोणीतरी कंसमामा काढतं, कोणीतरी शकुनीमामा. काढू द्या. पण क्रेऑनला त्यांच्या रांगेत इतक्या लवकर बसवू नका. त्यावर पुढे येतेच.

शत्रूच्या प्रेताचं काय करायचं, हा प्रश्नही मुलांच्या ओळखीचा आहे. रावण पडल्यावर बिभीषण त्याचे संस्कार करायला कचरतो, तेव्हा वाल्मीकी रामायणातला राम म्हणतो, ‘मरणान्तानि वैराणि’. वैर मरणापर्यंतच. आणि आपल्या जवळचं म्हणजे वढू बुद्रुक. १६८९ मध्ये संभाजी महाराजांना औरंगजेबाने हाल करून मारलं. बादशहाच्या धाकाला न जुमानता तिथल्या माणसांनी त्यांचे अंत्यसंस्कार केले, असं परंपरा सांगते. वर्गातली निम्मी मुलं सहलीला किंवा घरच्यांबरोबर तिथं जाऊन आलेली असतात. ‘त्या माणसांच्या जागी तुम्ही असता तर?’ एवढंच विचारा आणि उत्तरं फळ्यावर उतरवून ठेवा. नाटक संपल्यावर ती पुन्हा वाचायची आहेत.

जमिनीवर थीब्ज आखा

दुसऱ्या बैठकीत बाकं भिंतीला लावा आणि खडूने जमिनीवर रंगमंच काढा. अथेन्समधलं डायोनिससचं नाट्यगृह अक्रॉपोलिस टेकडीच्या उतारावर होतं. वर आकाश, दिवसाउजेडी खेळ, हजारो प्रेक्षक, सगळ्या नटांना मुखवटे आणि सगळे नट पुरुष. मध्ये वृंदाची गोल जागा, मागे एक इमारत, तिला दार. आपल्या वर्गाचं दार हेच राजवाड्याचं दार धरा. एका बाजूची वाट गावात जाते, दुसरी बाहेर माळावर, जिथं प्रेत पडलं आहे. गुहाही त्याच बाजूला. वाचताना प्रत्येक पात्राने आपल्या वाटेनेच यायचं. एवढ्याने मुलांना कळतं की क्रेऑन राजवाड्यातून येतो, पहारेकरी माळावरून येतो, आणि प्रेत प्रेक्षकांना कधीच दिसत नाही. ते शेवटपर्यंत फक्त बोलण्यात आहे.

याच बैठकीत एक कोडं घाला. सोफोक्लीसच्या काळी बोलणारे नट तीनच असत आणि वृंदात पंधरा जण. तीन नटांत आठ पात्रं कशी बसवाल? चिठ्ठ्यांवर अँटिगनी, इस्मिनी, क्रेऑन, पहारेकरी, हेमॉन, टायरेसियस, दूत, युरिडिसी (हेमॉनची आई) अशी नावं लिहा, मुलांचे गट करा आणि हातात नाटक द्या. कोण कोणासमोर उभं राहतं हे शोधण्यासाठी त्यांना नाटक उलटसुलट चाळावं लागतं. इस्मिनी आत येण्याआधी पहारेकरी निघून जातो, हे एखाद्या गटाच्या लक्षात आलं की समजा ती मुलं वाचायला लागली. मी हे कोडं कधीच वगळत नाही.

पहिलं वाचन: दोन बहिणी

पहाट व्हायची आहे. अँटिगनीने बहिणीला राजवाड्याच्या दाराबाहेर बोलावलं आहे. हा प्रवेश वाचायला दोन मुली निवडून मोकळे होऊ नका. चार जोड्या करा, त्यांत मुलगेही घ्या. अथेन्समध्ये पुरुषच या भूमिका करत आणि आपल्याकडे बालगंधर्वांच्या शहरात हे सांगायलाही नको. प्रत्येक जोडीने तोच प्रवेश वाचायचा, पण एक सूचना बदलून. पहिली जोडी कुजबुजत. दुसरी एकमेकींकडे पाठ करून. तिसरी, इस्मिनी सतत दाराकडे बघते आहे. चौथीला काहीही सांगू नका.

चारदा ऐकल्यावर इस्मिनीबद्दल विचारा. ती म्हणते, आपण दोघीच उरलो आहोत, सत्तेपुढे आपलं बळ चालणार नाही, मेलेल्यांनी मला क्षमा करावी, पण मी हुकूम मोडणार नाही. पहिल्या ऐकण्यात मुलं तिला भित्री ठरवतात. तिसऱ्या-चौथ्या वेळी कोणीतरी म्हणतं की अँटिगनी बहिणीशी फार तोडून बोलते. ‘आता तू यायला तयार झालीस तरी मला नको’, इतकं ती ऐकवते. धाडसी माणूस घरच्यांशी कठोरही असू शकतो, हे मुलं स्वतः शोधून काढतात.

एक गोष्ट समासात टिपून ठेवायला सांगा. इथं अँटिगनी सांगते की हुकूम मोडणाऱ्याला लोकांनी दगडांनी ठेचून मारायचं, अशी शिक्षा आहे. पुढे क्रेऑन तिला प्रत्यक्षात थोडं अन्न देऊन गुहेत चिणायला सांगतो. मध्ये काय बदललं? दगड मारायला गावचे हात लागतात आणि गाव आतून मुलीच्या बाजूने झुकलेलं आहे. हे माझं वाचन आहे. मुलांना ते सांगू नका. त्यांच्याकडून याहून चांगलं उत्तर येऊ शकतं.

क्रेऑन सगळ्यात चांगल्या वाचकाला द्या

या लेखातली एकच सूचना लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. वर्गातला सगळ्यात समजून वाचणारा आवाज क्रेऑनसाठी राखा. नवखे शिक्षक तो आवाज अँटिगनीला देतात आणि मोठ्या आवाजाचा दांडगा मुलगा क्रेऑनला देतात. मग नाटक पहिल्या पानावरच निकालात निघतं. मुलगी बरोबर, राजा दुष्ट, वाचायला उरलं काय?

क्रेऑनचं पहिलं भाषण नीट वाचा. कालच गाव वेढ्यातून वाचलं आहे. वेशीबाहेर प्रेतं आहेत. तो म्हणतो, माणूस राज्यकारभाराला लागेपर्यंत त्याचं खरं मन कळत नाही. आणि देशापेक्षा मित्राला मोठं मानणाऱ्याला मी मोजत नाही. ज्याने स्वतःचं गाव जाळायला परकं सैन्य आणलं, त्याला गावाच्या रक्षकाइतकाच मान द्यायचा? मुलांना विचारा, हे भाषण तुमच्या नगरसेवकाने केलं असतं तर टाळ्या वाजवल्या असत्या की नाही? प्रामाणिक मुलं हात वर करतात. तिथून नाटक सुरू होतं.

यासाठी ‘हात वर’ हा खेळ प्रत्येक बैठकीच्या शेवटी घ्या. आज या क्षणी तुम्ही कोणाच्या बाजूला? दोन्ही आकडे फळ्याच्या कोपऱ्यात लिहा, पण पुसू नका. बाजू बदलणाऱ्याने मजकुरातलं एक वाक्य बोट ठेवून दाखवायचं, हा नियम कडक पाळा. ‘मला असं वाटलं’ एवढं चालणार नाही.

पहारेकरी

लाजऱ्या मुलांसाठी सोफोक्लीसने जणू मुद्दाम लिहिलेलं हे पात्र. तो बातमी घेऊन येतो, पण बातमी सोडून बाकी सगळं सांगतो: वाटेत कितीदा थांबलो, कितीदा परत फिरावंसं वाटलं, सांगायला कोणी जायचं यासाठी आम्ही चिठ्ठ्या कशा टाकल्या आणि माझंच नाव कसं निघालं. या नाटकात हसायला इथंच मिळतं, तेव्हा मुलांना मनसोक्त हसू द्या. मग त्यांना पुराव्याकडे आणा. कुदळीची खूण नाही, गाडीच्या चाकोऱ्या नाहीत, कुत्र्या-जनावराने ओढल्याचं चिन्ह नाही, प्रेतावर फक्त धुळीचा पातळ थर. हा परिच्छेद वाचून मुलांनी घटनास्थळाचं चित्र काढायचं, मजकुरात नाही ती एकही वस्तू त्यात नको. लक्षपूर्वक वाचायची सवय लागते ती इथं.

दुसऱ्या फेरीत तो अँटिगनीला पकडून आणतो. भर दुपार, अचानक उठलेली वावटळ, डोळे मिटून बसलेले पहारेकरी आणि धूळ खाली बसल्यावर दिसलेली मुलगी, रिकामं घरटं पाहिलेल्या पाखरासारखी आक्रोश करणारी. एप्रिलच्या दुपारी शाळेच्या मैदानावर उठणारी वावटळ मुलांनी अंगावर घेतलेली असते. शक्य असेल तर हा भाग मैदानावर उभं राहून वाचा. पहारेकऱ्याचं शेवटचं बोलणं सोडू नका. ओळखीच्या माणसाला संकटात आणणं वाईटच, पण माझा जीव वाचला हे मला जास्त मोलाचं, असं तो उघड म्हणतो. त्याला नावं ठेवणारी मुलं इस्मिनीला आधी काय म्हणाली होती ते त्यांना आठवू द्या.

समोरासमोर

अँटिगनी काहीच नाकारत नाही. ती म्हणते, हा हुकूम देवाने काढला नव्हता. देवांचे कायदे लिहिलेले नसतात, ते आजचे-कालचे नाहीत, ते कधीपासून आहेत हे कोणाला ठाऊक नाही, आणि कोण्या माणसाच्या भीतीने मी ते मोडणार नाही. हे भाषण एकाच मुलीला पूर्ण वाचायला देऊ नका. वर्तुळात बसा, एकेक वाक्य एकेकाने वाचा आणि प्रत्येक पूर्णविरामाला थांबा. मग विचारा, यातलं कोणतं वाक्य क्रेऑनला सगळ्यात झोंबलं असेल?

पुढे एकेका ओळीची चकमक सुरू होते. ग्रीक नाटकात ही रीत वारंवार येते आणि मुलांना ती फार भावते. हेमॉन आणि क्रेऑनच्या प्रवेशात ती कळसाला पोचते. माझ्या वर्गासाठी मी ती साधारण अशी लिहून घेतली आहे:

क्रेऑन : हे राज्य मी दुसऱ्यांच्या मताने चालवू?
हेमॉन : बाबा, एकाच माणसाचं असतं त्याला राज्य म्हणत नाहीत.
क्रेऑन : राज्य राजाचंच असतं ना?
हेमॉन : ओसाड माळरानावर एकट्यानेच राज्य करायचं असेल, तर तुम्हाला छान जमेल.

दोन मुलं समोरासमोर उभी करा. बोलणाऱ्याने एक पाऊल पुढे यायचं, ऐकणाऱ्याने पटलं तर एक पाऊल मागे जायचं, नाही पटलं तर जागेवर. प्रवेश संपताना दोघं किती जवळ आले ते बाकीच्यांनी पाहायचं.

पण हेमॉन भांडायला आलेला नसतो. सुरुवातीला तो वडिलांशी अतिशय सांभाळून बोलतो आणि एक दाखला देतो: पुराच्या काठावरची जी झाडं वाकतात त्यांच्या फांद्यासुद्धा वाचतात, जी ताठ राहतात ती मुळासकट जातात. इथं थांबा. काही न बोलता वर्गाकडे बघा. ‘महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळे वाचती’ हे कोणीतरी म्हणतंच. सोफोक्लीसनंतर दोन हजार वर्षांनी, ग्रीकचं अक्षरही न ऐकलेल्या तुकोबांनी तेच पाहिलं होतं. इंद्रायणीला पूर आला की आजही दिसतं. फरक एवढाच की तुकोबा नम्रतेचं मागणं देवाकडे मागतात आणि हेमॉन ते राजाला सांगतो आहे. कोणतं काम जास्त अवघड, यावर माझ्या वर्गात नेहमी तास उलटून जातो आणि मी तो उलटू देते.

वृंद

म्हाताऱ्या नागरिकांचा हा वृंद पाहून नवखे वाचक बिचकतात आणि त्याची गाणी वगळतात. एक गाणं तरी ठेवाच, ‘जगात अचंबे पुष्कळ, पण माणसासारखा अचंबा नाही’ या अर्थाचं. माणूस समुद्र ओलांडतो, जमीन नांगरतो, पाखरं-मासे धरतो, घोडा-बैल माणसाळवतो, भाषा शिकतो, रोगांवर उपाय काढतो; मरणावर तेवढा त्याच्याकडे इलाज नाही. दिंडीत पुढच्याने म्हणावं आणि मागच्यांनी उचलावं, तसं वर्गाचे दोन भाग करून हे म्हणून घ्या. टाळ असतील तर उत्तम. चाल मुलं स्वतः बसवतात. वृंद कोणाच्या बाजूने आहे, हे शेवटच्या बैठकीत विचारा. पहिल्यांदा तो राजाच्या हो ला हो करतो, मग हळूहळू सरकतो. तो नेमका कुठं सरकला, ते शोधायचं काम दोन मुलांना कायमचं देऊन ठेवा.

टायरेसियस आणि एक उलटलेला क्रम

आंधळ्या टायरेसियसला एक लहान मुलगा हात धरून आणतो. या मुलाला एकही वाक्य नाही. वर्गातल्या सगळ्यात धाकट्याला ही भूमिका द्या आणि म्हाताऱ्याचं बोलणं ऐकताना त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते बघा. टायरेसियस सांगतो, पक्षी एकमेकांना फाडत आहेत, वेदीवरचा अग्नी पेटत नाही, कारण कुत्र्या-पाखरांनी प्रेताचे तुकडे वेदीवर आणून टाकले आहेत. क्रेऑन त्याच्यावरही पैसे खाल्ल्याचा आरोप करतो. पहारेकऱ्यालाही तो हेच म्हणाला होता. दोन्ही वाक्यं शेजारी-शेजारी लिहायला लावा.

म्हातारा शाप देऊन निघून गेल्यावर क्रेऑन हादरतो. वृंद त्याला सांगतो: आधी मुलीला सोडव, मग प्रेताला मूठमाती दे. क्रेऑन जातो आणि नेमकं उलट करतो. आधी प्रेत, मग गुहा. गुहेत पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. दूताच्या निवेदनातून हा क्रम मुलांना स्वतः काढू द्या. तो का उलटला, याला नाटकात सरळ उत्तर नाही. देवांच्या भीतीने? की चूक कबूल करायला जिवंत मुलीपेक्षा मेलेला भाचा सोपा म्हणून? ही चर्चा झाली नाही तर शेवट नुसताच रडका वाटतो.

गुहा म्हणजे काय हे दाखवायला मुलांना जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वराला न्या. आठव्या शतकाच्या सुमाराचं, एकसंध खडकात खोदलेलं लेणं भर शहरात आहे. ते पूजेचं ठिकाण आहे, तेव्हा तिथं वाचन नको. आत जाऊन दगडाचा गारवा आणि कमी होत जाणारा उजेड अनुभवावा, बाहेर झाडाखाली येऊन चार ओळी लिहाव्यात, परत यावं.

मरण वाचताना

अँटिगनी गुहेत गळफास घेते. हेमॉन बापावर तलवार उगारतो, वार चुकतो, तो स्वतःला मारून घेतो. ते ऐकून त्याची आई युरिडिसीही जीव देते. यातलं काहीही रंगमंचावर घडत नाही, दूत येऊन सांगतो. वर्गातही तसंच ठेवा. अभिनय नको, एकाने शांतपणे वाचायचं. पालकांना पहिल्या बैठकीआधीच नाटकाचा विषय आणि शेवट कळवा. कोणाच्या घरात अलीकडे असं काही घडलं असेल तर तुम्हाला ते आधी समजायला हवं. वाचनानंतर लगेच वर्ग सोडू नका. अर्धा तास हातात ठेवा, आणि मुलांनी आत्महत्येला पराक्रम म्हटलं तर मजकुराकडे परत न्या: सुटकेची माणसं वाटेवर होती, थोडा वेळ मिळाला असता तर तिघंही जगली असती. एखादं मूल गप्प झालं, तर वर्गासमोर विचारू नका, नंतर एकटं गाठून बोला. गरज वाटली तर घरच्यांना टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी मदत क्रमांक द्या.

पालकांपुढचं वाचन

शेवटी नाटक बसवायचा मोह होतो. तो टाळून जाहीर वाचन करा. शाळेचा जिना, सोसायटीचा हॉल, गच्ची, काहीही चालतं. जिना सगळ्यात चांगला: पालक पायऱ्यांवर, मुलं खाली, आणि उतारावरचं नाट्यगृह आपोआप तयार होतं. हातात कागद असू द्या. मुखवटे करायचे असतील तर पुठ्ठ्याचे, तोंड मोठं उघडं ठेवून करा, नाहीतर आवाज कोंडतो. मुखवट्याने लाजरी मुलं खुलतात, पण वाचताना ओळी दिसत नाहीत, म्हणून मुखवटा वृंदालाच द्या. त्यांचं गाणं पाठ असतं.

वाचन तासाभरात संपवा आणि पुढचा अर्धा तास पालकांच्या प्रश्नांना द्या. प्रश्न पात्रांना विचारायचे, उत्तर त्या मुलाने पात्र म्हणूनच द्यायचं, आणि ते संहितेतल्या कुठल्या तरी ओळीवर उभं असलं पाहिजे. इस्मिनीला आया विचारतात, बाबालोक हेमॉनला. सगळ्यात जास्त प्रश्न क्रेऑनला येतात आणि ते संपत नाहीत, म्हणून त्या भूमिकेसाठी पहिल्यापासून दोन मुलं तयार ठेवा.